मॅप: यादीतला प्रत्येक जण आपापला

मागच्या महिन्यात माझ्या डेटात एक सुंदर कल दिसला. सेन्सरचं तापमान नोंदीगणिक हळूहळू उतरत होतं. आलेख काढला, गाईडना मेल लिहायला घेतला आणि पाठवण्याआधी सहज कोड उघडून पाहिला. कल निसर्गाचा नव्हता, माझ्या फॉर-लूपचा होता!

झालं असं, की प्रत्येक नोंद म्हणजे तापमान आणि आर्द्रता अशी जोडी. आर्द्रतेवरून दुरुस्ती काढायची आणि ती तापमानातून वजा करायची. ही दुरुस्ती दर फेरीला नव्याने काढायला हवी होती. मी ती आधीच्या दुरुस्तीतच मिळवत गेले. म्हणजे १००व्या नोंदीच्या डोक्यावर आधीच्या ९९ नोंदींचं ओझं.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधलं मॅप नेमकं इथे कामाला येतं. त्याला दोनच गोष्टी द्यायच्या: एक फंक्शन आणि एक यादी. 'दुप्पट कर' आणि [२, ३, ५] दिलं, की [४, ६, १०] मिळतं. लूप लिहायचे कष्ट वाचतात हे खरं, पण मुद्दा तो नाही. मॅप तुम्हाला हमी देतं: जेवढे घटक आत, तेवढेच बाहेर; क्रम तोच; आणि फंक्शनच्या हाती एका वेळी एकच घटक. शेजाऱ्याचं काय चाललंय, ते त्याला कळतच नाही.

कोणी कोणावर अवलंबून नाही, म्हणून काम वाटूनही देता येतं. १०,००० नोंदी चार प्रोसेसरवर वाटा, उत्तर तेच येईल. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली मांडलेल्या मॅपरिड्यूसमधला 'मॅप' हाच विचार घेऊन आलाय.

पण सावध राहा. पायथनमध्ये तुमचं फंक्शन बाहेरचं व्हेरिएबल गुपचूप बदलू शकतं आणि मॅप त्याला अडवत नाही. हमी टिकायची तर फंक्शन शुद्ध हवं, म्हणजे त्याचं उत्तर फक्त त्याला दिलेल्या घटकावरून ठरायला हवं. हॅस्केलमध्ये ही शिस्त भाषाच लावते. आणि धावती बेरीज हवी असेल, तर आधीचं लक्षात ठेवावंच लागतं. तिथे मॅप नको, स्कॅन वापरा.

मी दुरुस्तीचं छोटंसं फंक्शन लिहिलं आणि यादीवर मॅप केलं. आलेख सपाट! थोडं वाईट वाटलं, पण मेल गेला नव्हता हे नशीब.

पुढच्या वेळी लूप लिहिताना स्वतःला एकच विचारा: या फेरीला मागच्या फेरीतलं काही लागतंय का? लागत नसेल, तर मॅप.