वास्तव वेतनाची प्रादेशिक तुलना : निर्देशांक, घरभाडे आणि कर

नागपूरचा ग्राहक किंमत निर्देशांक मुंबईच्या निर्देशांकाहून चार अंकांनी अधिक आहे, म्हणून नागपूर मुंबईपेक्षा महाग, असे विधान वृत्तपत्रांतूनच नव्हे तर क्वचित पदव्युत्तर प्रबंधिकांतूनही वाचावयास मिळते. ते सर्वस्वी चुकीचे आहे, आणि चूक कोठे होते हे एकदा नीट पाहिले म्हणजे प्रादेशिक तुलनेच्या प्रश्नाचे अर्धे स्वरूप उलगडते.

केंद्र शासनाच्या श्रम ब्युरोतर्फे औद्योगिक कामगारांसाठी जो निर्देशांक प्रसिद्ध होतो, त्याचे पायाभूत वर्ष २०१६ आहे. देशातील ८८ केंद्रांसाठी तो स्वतंत्रपणे काढला जातो आणि २०१६ मधील त्या त्या केंद्राची किंमतपातळी १०० मानली जाते. म्हणजेच त्या वर्षी मुंबईतील किमती नागपूरच्या दीडपट असत्या, तरीही दोन्ही शहरांच्या नावापुढे १०० हाच आकडा पडला असता. पुढे नागपूरचा आकडा मुंबईच्या पुढे गेला, तर नागपूरच्या किमती अधिक वेगाने वाढल्या एवढेच सिद्ध होते. त्या अधिक आहेत असे सिद्ध होत नाही. हा कालनिर्देशांक आहे, स्थलनिर्देशांक नव्हे. कालनिर्देशांकाकडून स्थळांच्या तुलनेचे काम करून घेणे म्हणजे दोन मुलांची उंची वर्षभरात किती वाढली हे मोजून त्यांतील उंच कोण हे ठरविण्यासारखे आहे.

मग स्थलनिर्देशांक स्वतंत्रपणे काढावा, असे कोणी म्हणेल. पण तेथे दुसरीच अडचण उभी राहते. तुलना कोणत्या वस्तुसंचाच्या आधारे करावयाची? सोलापूरच्या कुटुंबाच्या जेवणात ज्वारीचे जे स्थान आहे ते मुंबईच्या कोकणी कुटुंबाच्या जेवणात नाही. तेथे ते तांदळाला आहे. केवळ समजुतीसाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. मुंबईत तांदूळ आणि ज्वारी दोन्ही किलोला ५० रुपये. सोलापुरात तांदूळ ६० आणि ज्वारी ३० रुपये. मुंबईचे कुटुंब महिन्याला ३० किलो तांदूळ व १० किलो ज्वारी घेते. सोलापूरचे कुटुंब १० किलो तांदूळ व ४० किलो ज्वारी. मुंबईचा संच मुंबईत २,००० रुपयांना पडतो आणि सोलापुरात २,१०० रुपयांना. या हिशेबाने सोलापूर मुंबईहून पाच टक्के महाग ठरते. आता सोलापूरचा संच घ्यावा. तो सोलापुरात १,८०० रुपयांना मिळतो आणि मुंबईत २,५०० रुपयांना. या हिशेबाने तेच सोलापूर २८ टक्क्यांनी स्वस्त ठरते. किमती त्याच, बेरीज-भागाकार दोन्हीकडे निर्दोष, आणि उत्तरे मात्र परस्परविरुद्ध.

पहिल्या रीतीला लास्पेअरची आणि दुसरीला पाशेची रीत म्हणतात. दोहोंचा भूमितीय मध्य काढावा असे अर्व्हिंग फिशर यांनी सुचविले. वरील उदाहरणात तो सुमारे ८७ येतो. हा आकडा सोयीचा आहे खरा, पण तो ना मुंबईकराच्या अनुभवाशी जुळतो, ना सोलापूरकराच्या. मूळ तफावत आकडेमोडीच्या दोषातून उद्भवलेली नाही. जे जेथे स्वस्त ते तेथे अधिक खाल्ले जाते, या साध्या वस्तुस्थितीतून ती येते. म्हणूनच बदली होऊन दुसऱ्या शहरात गेलेला माणूस कोणत्याही दिशेने गेलेला असो, नवे शहर महाग आहे अशीच त्याची पहिली तक्रार असते. तो जुना वस्तुसंच बरोबर घेऊन गेलेला असतो. तुलना दोनाऐवजी तीन वा अधिक केंद्रांची असली, तर मुंबई-सोलापूर आणि सोलापूर-नागपूर या गुणोत्तरांच्या गुणाकारातून मुंबई-नागपूर गुणोत्तर निघावे ही अपेक्षाही फिशरची रीत पूर्ण करीत नाही. त्यासाठी निराळ्या बहुपक्षीय रीती आहेत. १९६८ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय तुलना प्रकल्पाने देशादेशांच्या तुलनेत त्यांचा उपयोग केला, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यातील दहा देशांत भारत होता.

अन्नधान्याचा प्रश्न तरी सरासरीने सुटण्याजोगा आहे. घरभाड्याचा तसा नाही. मुंबईच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली केलेल्या कुटुंब-खर्चाच्या पाहणीचा वृत्तान्त १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गिरणी कामगाराच्या खर्चापैकी सुमारे ५७ टक्के अन्नावर आणि ८ टक्क्यांहून किंचित कमी भाड्यावर जात असल्याचे दिसते. १९३२-३३ च्या पाहणीत अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्क्यांवर उतरला आणि भाड्याचा १३ टक्क्यांच्या जवळ पोचला. २०१६ च्या नव्या मालिकेत अखिल भारतीय पातळीवर घराचा भारांक १६.८७ आहे. हा आकडा मुंबईत नव्याने खोली शोधणाऱ्या कोणाही नोकरदारास दाखविला, तर तो विश्वास ठेवणार नाही. त्याचा अविश्वास अज्ञानमूलक म्हणता येणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले, आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बव्हंशी कायम ठेवले. परिणामी एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, सारख्याच आकाराच्या दोन खोल्यांपैकी एकीचे भाडे नाममात्र आणि दुसरीचे बाजारभावाचे असू शकते. पागडीची रक्कम तर भाड्याच्या रकान्यात येतच नाही. या दोन भाड्यांची सरासरी काढून तिला ‘मुंबईचे भाडे’ म्हणणे हे गणित म्हणून बरोबर असले तरी ते भाडे प्रत्यक्षात कोणीच देत नाही. तुलना करणाऱ्याने येथे आधी ठरविले पाहिजे की आपण स्थायिक कुटुंबाची स्थिती मोजीत आहोत की नवागताची. वेतनातील फरकामुळे माणसे स्थलांतर करतील काय, हा प्रश्न असेल तर केवळ नवागताचे भाडेच विचारात घेतले पाहिजे.

शिवाय भाडे वाचविण्यासाठी माणूस विरार, कर्जत वा कसारा गाठतो, तेव्हा भाड्याचा खर्च नाहीसा होत नाही, तो वेळेत रूपांतरित होतो. लोकलचा मासिक पास स्वस्त आहे. प्रवासाचे तीन-चार तास कोणत्याही निर्देशांकात नाहीत.

शासकीय घरभाडे भत्त्याची रचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. केंद्र शासनाने शहरांचे लोकसंख्येवरून तीन वर्ग केले आहेत आणि जानेवारी २०२४ पासून त्यांना मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० व १० टक्के भत्ता देय झाला. मुंबई व पुणे पहिल्या वर्गात, नागपूर, नाशिक व सोलापूर दुसऱ्या वर्गात. लोकसंख्या हे भाड्याचे ढोबळ गमक आहे, यात शंका नाही. परंतु मुंबई आणि पुणे यांच्या भाड्यांतील अंतर त्यात सामावत नाही आणि नागपूर व सोलापूर यांच्यातीलही नाही. प्रत्यक्ष किमतींची पाहणी टाळून जनगणनेच्या आकड्यावर भागविण्याची ही सोय आहे.

करांच्या बाबतीत परदेशी ग्रंथांतील विवेचन जसेच्या तसे उचलणे विशेष धोक्याचे. अमेरिकेत काही राज्ये प्राप्तिकर आकारतात, काही आकारीत नाहीत. त्यामुळे तेथील तुलनेत कराला मोठे स्थान असते. भारतात वेतनावरील प्राप्तिकर केंद्राचा असून सिक्कीमसंबंधीच्या तरतुदीसारखे काही विशेष अपवाद वगळता तो सर्वत्र सारखाच आहे. राज्याच्या हाती उरतो तो व्यवसायकर. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्यान्वये आकारला जातो. उत्तर प्रदेश, हरियाणा वा दिल्ली येथे तो नाही. तथापि संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठरविली आहे, आणि ही मर्यादा १९८८ नंतर बदललेली नाही. मध्यम वेतनाच्या नोकरदाराच्या बाबतीत एवढ्याने प्रदेशांचा क्रम पालटत नाही.

अप्रत्यक्ष करांत पूर्वी खरा फरक होता. मुंबईत जकात जून २०१७ अखेरपर्यंत टिकली; त्यानंतर वस्तू व सेवा कराने बहुतेक वस्तूंवरील दर देशभर एक केले. पेट्रोल, डिझेल व मद्य त्याच्या बाहेर राहिल्याने तेवढ्यापुरते राज्याराज्यांतील अंतर शिल्लक आहे. पण येथे एक नेहमीची चूक सांभाळावी लागते. अप्रत्यक्ष कर किमतीत अंतर्भूतच असतो. वेतनातून तो वजा करून उरलेल्या रकमेस पुन्हा किंमत-निर्देशांकाने भागले, तर तोच कर दोनदा मोजला जातो. वेतनातून केवळ प्रत्यक्ष कर वजा करावयाचे. मालमत्ताकराचेही असेच : मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये त्यातून सूट मिळाली, तिचा परिणाम घरमालकाच्या निर्वाह-खर्चात दिसावयाचा, वेतनाच्या बाजूस नव्हे.

हा सारा खटाटोप केवळ शास्त्रीय नाही. १९६३ मध्ये मुंबईचा निर्देशांक महागाई पुरेशी दाखवीत नाही या तक्रारीवरून कामगारांत प्रखर असंतोष माजला. महागाई भत्ता त्याच आकड्याला बांधलेला होता. राज्य शासनाने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि तक्रार निराधार नव्हती असे निष्पन्न झाले. तीस वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या तज्ज्ञगटाने राज्याराज्यांसाठी निराळी दारिद्र्यरेषा असावी अशी शिफारस केली. पुढे तेंडुलकर समितीने २००९ मध्ये राज्यांतील प्रत्यक्ष किमतींच्या आधारे ही रीत सुधारली. यातून भारतात स्थलनिर्देशांकाच्या जवळात जवळ जाणारे साधन हाती आले. २०११-१२ साठी या रीतीने काढलेली दरडोई मासिक रेषा महाराष्ट्राच्या शहरी भागात १,१२६ रुपये, ग्रामीण भागात ९६७ रुपये, आणि बिहारच्या ग्रामीण भागात ७७८ रुपये होती. (केरळात ग्रामीण रेषा १,०१८ आणि शहरी ९८७ होती, खेडे म्हणजे स्वस्ताई हे गृहीत तेथे लागू पडत नाही.) मुंबई आणि लातूर यांना एकाच शहरी आकड्यात बसविणे हा या साधनाचा मोठा दोष होय. तरीही त्याने काय साधते ते पाहण्याजोगे आहे.

बिहारच्या खेड्यातून महाराष्ट्राच्या शहरात आलेल्या मजुरापुढील किंमतपातळी या हिशेबाने १.४५ पटीच्या जवळपास होते. समजा, गावी त्याला १०,००० रुपये मिळत होते आणि येथे १५,००० मिळू लागले. सर्व वेतन येथेच खर्च झाले तर त्याचे मोल गावच्या रुपयांत सुमारे १०,३६० रुपये. दीडपट वेतनातून हाती आलेला लाभ चार टक्क्यांहूनही कमी. परंतु निम्मे वेतन त्याने घरी पाठविले, तर त्या ७,५०० रुपयांना गावच्याच किमती लागू होतात, आणि एकूण मोल सुमारे १२,६८० रुपयांपर्यंत जाते. रत्नागिरीकडे मनिऑर्डर धाडणाऱ्या आणि स्वतः खाणावळीत जेवणाऱ्या गिरणी कामगाराचा हिशेबही हाच होता. त्याचे वास्तव वेतन केवळ मुंबईच्या निर्देशांकाने काढणाऱ्यास तो मुंबईत का टिकून राहतो याचा उलगडा होत नसे. आणि कुटुंब मुंबईत आणताच तो एकाएकी गरीब का होतो, याचाही.