दोनाचे एक करणारा कॅमेरा

लग्नात दोनाचे चार हात होतात. मी ज्या यंत्राविषयी सांगणार आहे, त्यात मात्र दोनाचे एक होते. त्याचे नाव रेंजफाइंडर कॅमेरा. खिशात मोबाइल असताना हे खूळ कशाला, असे आमच्या महाळुंग्यात मला अनेकांनी विचारले. हौसेला मोल नसते म्हणतात, पण विद्यार्थ्याला ते पाहावेच लागते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात हिंडला तो लायका घेऊन. तो आपल्या आवाक्याबाहेरचा. म्हणून मी पुण्याच्या जुन्या बाजारातून बावीसशे रुपयांना ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ आणला. हे जपानी मॉडेल १९६६ मध्ये प्रथम निघाले.

एक बोट नाकासमोर धरून डोळे आळीपाळीने मिटून पाहा. बोट सरकल्यासारखे दिसते. बोट जितके जवळ, तितके जास्त. याच तत्त्वावर कॅमेऱ्याला दोन खिडक्या असतात. एकीतून आपण पाहतो, दुसरीतली प्रतिमा आरशांवरून येऊन मधल्या पिवळसर चौकोनात पडते. भिंगाचे कडे फिरवले की ती सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की अंतर जुळले.

घेताना हा चौकोन स्पष्ट दिसतो का, हे आधी पाहावे. लांबच्या पाण्याच्या टाकीवर कडे अनंतापर्यंत फिरवून प्रतिमा जुळतात का, तेही तपासावे. भिंग उजेडाकडे धरून बुरशी शोधावी. आपल्या पावसाळ्यात ती हटकून धरते. पहिला कॅमेरा मी त्याच कारणाने परत ठेवला. याशिकाची मूळ ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची छोटी बॅटरी स्प्रिंग लावून बसवली की काम भागते. बॅटरीशिवाय शटर एकाच वेगाने, १/५०० सेकंदाने उघडते, त्यामुळे नुसता ‘खट्’ आवाज ऐकून फसू नये. मागच्या झाकणातला कुजलेला स्पंज काढून मी शिंप्याकडची काळी मखमल चिकटवली.

वापर सोपा आहे. छिद्र आपण ठरवायचे, वेग कॅमेरा ठरवतो. पिवळा दिवा लागला तर उजेड कमी, हात स्थिर हवा. तांबडा लागला तर उजेड जास्त, छिद्र लहान करावे.

खरी मेख निराळीच आहे. आपण भिंगातून पाहतच नाही. आमची जमीन गोदामाला भाड्याने गेली आणि आजोबांनी शेवटची बैलजोडी चाकणच्या बाजारात न्यायचे ठरवले. त्या पहाटे गोठ्यासमोर मी आठ फोटो घेतले. प्रतिमा जुळत होत्या, दिवे लागत होते, कारण प्रकाश मोजणारा डोळा भिंगाबाहेर असतो. भिंगावरचे टोपण मात्र तसेच होते! धुऊन आलेल्या फिल्मवर ती आठही घरे कोरी. बैल तोवर कुणाच्या दावणीला गेले, ठाऊक नाही.

आजोबांना सांगताना माझा आवाज निघेना. ते म्हणाले, “बैल काय आता माघारी यायचं न्हाईत. मी हाय तवर माझा तरी काढ.”

ते रिकाम्या दावणीपाशी बसले. मी टोपण काढून खिशात घातले, खात्रीसाठी खिसा पुन्हा चाचपला आणि त्यांच्या डोळ्यांवर चौकोन आणला. दोन आजोबा होते, त्यांचा सावकाश एक झाला.