बेताच्या पैशांत चांगला चित्रण-कॅमेरा

ज्याच्या पदरी द्रव्य बेताचे, परंतु गावच्या वृद्ध कीर्तनकाराचे निरूपण जतन करून ठेवावे अशी ज्याला मनापासून तळमळ आहे, त्याने खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या ‘फोर-के’ला भुलण्यापूर्वी आतील सेन्सर केवढा आहे याची चौकशी करावी, कारण देवळातील मंद प्रकाशात चित्र स्वच्छ उमटणे हे बह्वंशी त्या सेन्सरच्या क्षेत्रफळावर आणि भिंगाच्या सामर्थ्यावर अवलंबून असते. ‘एक इंची’ म्हणविणारा सेन्सर वस्तुतः सुमारे १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच भरतो, तथापि स्वस्त हँडीकॅममधील चिमुकल्या सेन्सरहून तो निःसंशय श्रेयस्कर. डिजिटल झूम हिशेबातही धरू नये. तो चित्राचा तुकडा कापून फुगवितो, एवढेच.

२००८ साली कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टूने फुल-फ्रेम, म्हणजे याहून मोठ्या सेन्सरच्या, स्थिरचित्र-कॅमेऱ्यात फुल एचडी चित्रणाची सोय आणली, आणि पुढे त्या वर्गातील पुष्कळ कॅमेरे वापरलेल्या मालाच्या बाजारात उतरले. माझ्या मते अल्प ऐपतीच्या माणसाने तिकडेच वळावे. मात्र त्यांतील अनेक कॅमेरे एकोणतीस मिनिटे एकोणसाठ सेकंदांनी आपोआप थांबतात, आणि त्याचे मूळ युरोपातील तत्कालीन जकातीच्या कायद्यात होते. तास-दीड तासांच्या कीर्तनासाठी ही बाब खरेदीपूर्वीच पडताळावी. भिंगावर झाकण ठेवून थोडे चित्रण करावे, म्हणजे काळ्या पडद्यावर सेन्सरचे सदोष बिंदू चमकताना दिसतात. बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय नसेल तर सौदा सोडावा, कारण निरूपणात शब्दच प्रधान होत.