बोकडाच्या काळजाचे आहारमूल्य

भंडारदऱ्याच्या डोंगरी भागात भात, नाचणी व वरई हे मुख्य अन्न होय. नाचणीत लोह असले तरी धान्यातील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. काळजातील, म्हणजे यकृतातील लोह त्याहून कितीतरी सहज अंगी लागते. शिवाय त्यात 'अ' जीवनसत्त्व व फोलिक आम्ल विपुल असून, धान्यात मुळीच न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्वही असते. ज्या १९२६ साली येथील धरण पुरे झाले, त्याच साली अमेरिकेतील मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनी एका जीवघेण्या रक्तक्षयाचे रोगी काळजाच्या आहाराने सुधारतात, असे दाखविले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा घरी बोकडाचा वाटा येईल त्या दिवशी काळीज प्रथम स्त्रिया व मुलांच्या ताटात पडावे, हे ग्रामकार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावे. आठवड्यातून एकदा, थोडेसे, नीट शिजवलेले पुरे. गर्भवतीने मात्र लोहाच्या गोळ्यांवरच भर द्यावा. 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भास बाधतो.

काळजात वा फुफ्फुसात पाण्याने भरलेले फोड दिसल्यास तो भाग खाऊ नये व कुत्र्यांपुढे तर मुळीच टाकू नये. फोडांतील कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे पाण्यात व भाजीवर येतात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात. असा भाग जाळावा, अथवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल पुरावा.