हरवलेली ‘मीरा’

मोटारींच्या शर्यतीत वेगवान गाडी जिंकते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची शर्यत मात्र परवान्याशी होती. कर्नाटक सीमेजवळच्या या गावी, जेमतेम सातवीपर्यंत शिकलेल्या या गृहस्थांनी १९४९ साली स्वतःच्या कल्पनेने छोटी मोटार सिद्ध केली. तिचे नाव ‘मीरा’. इंजिन मागे, अपेक्षित किंमत सुमारे १२ हजार रुपये. पुढे पदरमोड करून त्यांनी तिची सुधारित रूपे घडविली. परंतु १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर परवान्यावाचून कारखाना अशक्य होता आणि ‘मीरा’ बाजारात आलीच नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर धावली, तेव्हा सामान्यांच्या मोटारीचे देशभर कौतुक झाले. कारागिराला वेळेवर हात न देणाऱ्या समाजाने निदान त्याचे नाव तरी विसरू नये.