कपाटातल्या ‘जनता’ला चावी देण्यापूर्वी...

नांदेड, लातूरकडील अनेक घरांत वडिलांचे ‘एचएमटी जनता’ घड्याळ आजही कपाटात जपलेले आढळते. बंगळुरूत १९६१ मध्ये जपानच्या ‘सिटिझन’च्या साहाय्याने ‘एचएमटी’ घड्याळांची निर्मिती सुरू झाली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे जुनी घड्याळे दुरुस्त करण्याचा छंद असणाऱ्यांना सुटे भाग बहुधा दुसऱ्या बंद घड्याळातूनच काढावे लागतात.

वर्षानुवर्षे पडून असलेल्या घड्याळाला लगेच चावी देऊ नये. आतील तेल सुकलेले असल्याने चाकांच्या आसांची बारीक टोके झिजतात. आधी जाणकार घड्याळजीकडून यंत्र उघडून, धुऊन, नवे तेल घालून घ्यावे. तबकडी मात्र पुन्हा रंगवू नये. मूळ छपाई पुसली की ती परत मिळत नाही.