पाणी झिडकारतो तो धातू नव्हे

प्लेटिंगच्या शॉपमध्ये जॉब टाकीत सोडण्याआधी कारागीर एक गोष्ट हमखास बघतो. डिग्रीझिंग झालं, आम्लातून काढला, पाण्यात खंगाळला की जॉब उभा धरायचा आणि अंगावरचा पाण्याचा पातळ थर निरखायचा. थर सलग राहिला तर जॉब साफ. कुठे फाटला, पाण्याचे थेंब झाले, तर तिथे तेलाचा अंश उरलाय, परत धुवा. एवढ्या स्वस्तात इतकं सांगणारी दुसरी तपासणी विरळाच.

धातूचा मूळ स्वभाव तिच्यात दिसतो. धातूला पाणी हवंच असतं. पृष्ठभागावरच्या अणूंना बाहेरच्या अंगाला शेजारी नसतो, म्हणून जवळ येईल ते ओढून घ्यायची त्यांची धडपड चालते. पण पाण्याआधी हवा येऊन बसलेली असते, आणि हवेत तेलाची, इंधनाची, रंगाची सूक्ष्म वाफ असतेच. तिचा रेणूभर जाडीचा पापुद्रा चढला तरी धातू पाण्याला ओळख देईनासा होतो.

सोन्याने तर शास्त्रज्ञांना बरीच वर्षं झुलवलं. एका प्रयोगशाळेत पाणी सोन्यावर पसरे, दुसरीत त्याचे थेंब होत. प्रत्येकाला आपलंच सोनं शुद्ध वाटे. 1980 च्या सुमारास वाद निवळला: खरोखर स्वच्छ सोन्यावर पाणी पसरतं; थेंब धरणारं सोनं मळलेलं असतं, डोळ्यांना दिसत नसलं तरी.

पृष्ठभाग खडबडीत केला की ही ओढ किंवा नावड कैकपट वाढते. खडबडीतपणाचा हा हिशेब वेन्झेल यांनी 1936 मध्ये मांडला. खाचांमध्ये हवा अडकून थेंब तिच्यावरच तरंगू लागला तर काय होतं, हे कॅसी आणि बॅक्स्टर यांनी 1944 मध्ये दाखवलं. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये पोलादावर आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूवर लेझरने बारीक नक्षी कोरली. कोरल्या कोरल्या त्यांवर पाणी झरझर पसरलं. नमुने हवेत ठेवले, आणि दिवसांगणिक थेंब गोल होत गेले. स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, 150 अंशांच्या आसपास पोहोचला. एवढ्या कोनाचा थेंब बहुधा टेकत नाही, घरंगळतो. कारण म्हणून आधी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडकडे बोट दाखवलं गेलं. पुढच्या बऱ्याच प्रयोगांत संशय सेंद्रिय वाफांवर गेला. मला दुसरं अधिक पटतं. सौम्य उष्णता देऊन भट्टीत ठेवलेले नमुने आठवड्यांऐवजी काही तासांत पालटतात, आणि लगेच पाण्यात बुडवून ठेवलेले बराच काळ पाणी धरणारे राहतात.

उलटा फेराही होतो. प्लाझ्मा किंवा अतिनील किरणांनी तो पापुद्रा जाळला की धातू पुन्हा पाणी ओढतो. टायटॅनियमवर स्वतःच्या ऑक्साइडचा थर असतो आणि अतिनील प्रकाशात तो स्वतःच पाणीप्रिय होतो. अंधारात ठेवला की हळूहळू माघारी वळतो. जपानी संशोधकांनी 1997 मध्ये हे दाखवलं. कारण नेमकं कोणतं, मळ जळणं की ऑक्साइडमधला बदल, यावर अजून खल चालू आहे.

दातांच्या इम्प्लांटवाल्यांना मात्र तेवढं थांबायला वेळ नव्हता. हाड पकडायला स्क्रूवर रक्त लगेच पसरलेलं बरं, आणि कारखान्यातून निघालेलं टायटॅनियम डब्यातल्या हवेतच मळत राहतं. म्हणून काही स्क्रू आता मिठाच्या पाण्यात सीलबंद येतात, तोंडात बसवण्याच्या क्षणापर्यंत ओलेच.